टेहळ्यावरचं शिंग

हिवरदऱ्याच्या लोकांना घड्याळ कळत होतं, पंचांग कळत होतं. सरपंच विजयसिंहरावांच्या माळवदावर मोठी थाळी बसून घरात रंगीत टीव्ही आल्यापासून तर दिल्लीत पाऊस पडणार का नाही, हेही कळायला लागलं होतं. पण आपल्याच डोक्यावरच्या पठाराच्या गवताला विळा कधी लावायचा, हे मात्र त्यांना एक पाखरू सांगायचं. हसायचं असेल तर हसा. गाव पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं.

पाखराचं नाव भोवत्या. ससाण्यासारखा शिकारी, घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखाचा. दसऱ्याच्या आगेमागे हे भोवते उत्तरेकडून, कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातून येतात आणि बालाघाटाच्या पठारांवर गवताला पोट घासत भोवती भोवती फिरतात, नाकतोडे टिपतात. भोवते आले म्हणजे पाऊस गेला, हा गावाचा हिशेब. मग टेहळ्याच्या बुरुजावरून शिंग वाजायचं आणि अख्खं गाव विळे घेऊन पठारावर चढायचं. त्या गवतावर गावातली सगळी जनावरं वर्ष काढायची.

कापलेल्या गवतावर पाऊस पडला तर ते काळं पडतं, जनावर हुंगून मागं सरतं. पण ही झाली लहान भीती. खरी भीती विजेची. पठार म्हणजे उघडं बोडकं, मधोमध एक हिवराचं झाड, बाकी कमरेएवढं गवत. त्यात माणसं, माणसांच्या हातात विळे, आणि वर चित्रा नक्षत्राचं आभाळ. शिंग वाजवणाऱ्या वैजिनाथ आप्पांच्या वडलांनी एका साली घाईनं शिंग फुंकलं होतं. त्या दुपारी गावातल्या तुळजाबाईचा नवरा आणि दीर दोघंही त्या हिवराखालीच गेले. तेव्हापासून गावानं कानाला खडा लावला. शिंग वाजल्याशिवाय कुणी वर पाय ठेवायचा नाही, आणि एकदा वाजलं की कुणी आभाळाकडं बघायचंही नाही. शिंग वाजल्यावर वर बघणं म्हणजे आप्पांवर अविश्वास.

तर शिंगाचा मान वैजिनाथ आप्पांच्या घराण्याचा. घराणं लिंगायत, गावात किराणा दुकान, थोडी जमीन. दुकान मुलगा राजेश्वर बघायचा. आप्पांची बायको गंगासागर होती तोवर तीच भाकरी घेऊन आप्पांसोबत टेहळ्यावर जायची. ती गेली, आणि किल्लारीच्या भूकंपानंतरच्या तिसऱ्या साली आप्पा सुनेला म्हणाले, “रुद्राणी, गुडघा लई धरतोय. पाण्याची कळशी घेऊन तू चल संगं.”

रुद्राणीचं माहेर युसूफ वडगावचं. सपाटीवरची पोरगी, लग्नाला पुरतं वर्षही झालेलं नाही, टेहळा तिनं फक्त खालून बघितलेला. टेहळा म्हणजे निजामाच्या काळातला पडका बुरूज, पठाराच्या उत्तरेच्या टोकाला. बुरुजाखाली सरळ कडा, आणि कड्याला आग्या मोहळांची पोळी लोंबलेली. म्हणून त्या बाजूला कुणी विडीसुद्धा ओढत नाही. गावातून वर येणारी पांदी पठाराच्या दुसऱ्या टोकाला, तिथंच महादेवाची कपार. त्या कपारीत गाव येऊन बसायचं आणि शिंगाची वाट बघायचं. बुरुजावरून कपारीजवळची माणसं दिसतात, पण घसा फाडून ओरडलं तरी आवाज पोचत नाही.

तिथं ती दोघं रोज सकाळी जाऊन बसत होती. आणि आभाळाचा तर काही थांगच लागत नव्हता. घटकेत लख्ख ऊन, घटकेत ढगाची सावली पठारावरून सरकत जायची. वारा कधी कोरडा लागे, कधी एकदम दमट. रुद्राणी पाखरं शोधून शोधून कंटाळली होती.

“ते बघा मामा, आलं एक!”

“रंग कसा हाय?” आप्पा विचारायचे. “शेपटीला खाच हाय का?”

“हाय.”

“मंग घार हाय ती. बघत ऱ्हा.”

तिला आधी वाटलं, मामा परीक्षा घेतायत. नव्या सुनेला शिकवतायत. तीही हौसेनं सांगायची. पण त्या सकाळी आप्पांनी कळशीतून तांब्यात पाणी ओतलं, आणि सगळं पाणी तांब्याच्या शेजारी दगडावर गेलं. आप्पांनी तांब्या उचलून तोंडाला लावला. रिकामा होता. ते नुसते तोंड पुसून बसले.

रुद्राणी समोर कठड्यावर बसलेल्या कावळ्याकडं बोट करून म्हणाली, “मामा, हे कोणतं पाखरू?”

आप्पांनी मान वळवली. कठड्याकडं नाही, त्याच्याही पलीकडं. “लांब हाय गं. जरा जवळ येऊ दे.”

कावळा हातभरावर होता.

“मामा, तुमाला दिसत न्हाई,” ती म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं.

आप्पांनी तिचं मनगट पकडलं. म्हातारा हात, पण पकड अशी की तिची बांगडी कातडीत रुतली. “दिसतं. उजेड दिसतो. माणूस उभं हाय का बसलंय एवढं दिसतं. पाखरू दिसत न्हाई.”

“मोतीबिंदू असंल. तालुक्याला शिबिरात फुकट काढतात की. आमच्या काकाचा काढला.”

“आणि डोळ्याला हिरवी पट्टी बांधून येष्टीतून उतरलो की गावाला कळंल. माझ्या बापाचा डाग हाय या घरावर. तो मी आयुष्यभर धुतला. एकदाबी चुकलो न्हाई मी, रुद्राणी, एकदाबी! आता आंधळा झाला म्हणून शिंग काढून घेतलं तर मी त्या गावात कोणत्या तोंडानं फिरू?” त्यांनी मनगट आणखी आवळलं. “तुज्या गळ्यातल्या लिंगाची आण घे. कुणाला सांगणार न्हाईस. राजेश्वरलाबी न्हाई.”

काय करणार बिचारी? सासरा रडायच्या बेतात, आपलं मनगट त्याच्या हातात. तिनं आण घेतली. मनात मात्र म्हणाली, गंगासागर अत्तीनं पण अशीच घेतली असणार.

“तू बघ, मी वळखतो,” आप्पा सावरून म्हणाले. “डोळे तुजे, अक्कल माजी. जमंल आपलं.”

तेवढ्यात गवतातून शीळ घालत म्हाळू आला. म्हाळू म्हणजे सरपंचांचा ट्रॅक्टर चालवणारा गडी, तोंडाचा फटकळ, मनाचा तसा वाईट नाही. पण त्या दिवशी तो सरपंचांचा निरोप घेऊन, नेम मोडून वर आला होता.

“राम राम आप्पा! विजयसिंहराव म्हणतेत, टीव्हीवर सांगितलंय, मराठवाड्यात आभाळ मोकळं. बाया-माणसं चार-पाच दिस झाले कपारीत बसून ऱ्हायलीत. आज दुपारपतोर शिंग न्हाई वाजलं तर मी ट्रॉली वर घालणार, आणि शिंग ग्रामपंचायतीत टांगणार म्हणतेत. टीव्हीवर बघून आमीच वाजवू.”

“टीव्हीला म्हणावं, तूच ये गवत कापायला,” आप्पा म्हणाले.

म्हाळू हसला, आणि हसता हसता आभाळाकडं बोट करून म्हणाला, “पण आप्पा, ते काय मंग? ती आली की पाखरं! दिसंनात का तुमाला?”

आप्पांचा चेहरा दगडासारखा झाला. उत्तरेला खरंच पाच-सहा पाखरं होती. तिनं डोळे बारीक केले, आणि आप्पांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “घारी हायत त्या. शेपटीला खाच हाय, बघा की. मामांनी मघाच सांगितलं मला.”

म्हाळूनं पुन्हा बघितलं, मान हलवली. “लई हुशार झाली वहिनी. बरं, येतो मी. दुपारपतोर, आप्पा!” आणि तो गवत तुडवत परत कपारीकडं गेला.

आप्पांच्या मांडीवर शिंग होतं, पितळी, वळणदार, आणि त्यांची बोटं त्यावरून सारखी फिरत होती. ऊन डोक्यावर आलं. वारा पडला. पाखरांचं नाव नव्हतं. रुद्राणीला वाटायला लागलं, देवा महादेवा, आज आलेच नाहीत तर बरं, आणि लगेच वाटायचं, नाही आले तर शिंग जाईल, आणि हा माणूस घरी जाऊन अंथरूण धरील.

आणि तेव्हा ते आले.

आधी एक ठिपका, मग त्याच्या मागं दुसरा, मग उत्तरेच्या दरीवरून नुसती माळच. घारीसारखे पंख सपाट नव्हते, दोन्ही पंख वर उचललेले. पंख न हलवता ते हवेत डुलत, कलत येत होते.

“मामा! आले! लई आले!”

“वरडू नको. पंख कसे धरलेत?”

“वर उचललेत. दोन्ही. उथळ ताटासारखे.”

“रंग?”

“काही राखाडी हायत, पंखाची टोकं काळी. काही तपकिरी.”

“तपकिऱ्याच्या शेपटीच्या बुडाला पांढरं हाय का? नीट बघ.”

पहिली पाखरं आता बुरुजाच्या अंगावरून चालली होती. तिनं मान मागं टाकून बघितलं. “हाय! पांढरं हाय, मामा!”

आप्पा उभे राहिले. गुडघ्याचं दुखणं कुठल्या कुठं. त्यांनी शिंग तोंडाला लावलं आणि छाती भरून फुंकलं. तो आवाज पठारावरून असा गेला की रुद्राणीच्या अंगावर काटा आला. कपारीजवळ लुगड्यांचे रंग हलले. माणसं उठली. हिरवी, लाल, पिवळी रांग पांदीतून पठारावर यायला लागली, बाया, गडी, कडेवरची लेकरंसुद्धा. त्यात तिचा राजेश्वरही होता, दुकान बंद करून, पांढरी टोपी घालून आलेला.

“आले का?” आप्पा विचारत होते. लहान पोरासारखा आनंद झाला होता त्यांना. “माणसं आली का वर?”

“येतेत.”

“विजयसिंहला म्हणावं, आता टांग शिंग!”

रुद्राणी हसली. आणि हसत हसतच ती पाखरांकडं बघायला वळली, कारण इतक्या दिवसांनी आलेलं नवल तिला डोळे भरून बघायचं होतं. भोवते पठारावर आले होते. पण ते काही फिरत नव्हते. एक गवतात बसला. त्याच्या शेजारी दुसरा. मग दहा, मग वीस. पंख मिटून, मान खांद्यात घालून, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, आग्नेयेकडं. पठारभर गवतातून नुसती डोकी दिसत होती.

“मामा, थकून आलेत वाटतं. बसले सगळे.”

आप्पांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. “काय म्हणालीस?”

“बसलेत. गवतात.”

“फिरंनात? नाकतोडे टिपंनात? भर दुपारी बसले?”

“व्हय. सगळे एकाच बाजूला तोंड करून.”

“अगं पोरी!” आप्पांनी कठडा धरला. “हे आधी कावून सांगितलं न्हाईस?”

“तुमी इचारलंच न्हाई!”

खरंच होतं. आप्पांनी आयुष्यभर भोवते बघितले होते, आणि डोळे होते तोवर दर साली ते गवतावर फिरायला लागेपर्यंत शिंग मांडीवरच ठेवलं होतं. पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायची वेळच आली नव्हती; गंगासागर शेजारी बसून बसून आपसूक शिकली होती. डोळे बघत होते, हात थांबत होता. आता डोळे गेले, तेव्हा जे शब्दात होतं तेवढंच उरलं. पंख, रंग, शेपटी. थांबणं राहून गेलं.

“पाखरू असं बसलं म्हणजे वरून काहीतरी येतंय,” आप्पा म्हणाले. “आभाळ बघ. आग्नेयेला बघ.”

तिनं बघितलं. कपारीच्या वरच्या डोंगराच्या खांद्यामागून ढग वर येत होता. पांढरा नव्हे, निळाजांभळा, खालून काळा, आणि त्याची कड उन्हात चमकत होती. माणसं त्याच्याकडं पाठ करून पठारावर पसरत होती. शिंग वाजलं होतं ना. कोण कशाला मागं वळून बघतंय? पहिल्या बाया वाकल्यासुद्धा. विळे उन्हात लखलखत होते.

“मामा, परत फुंका!”

“परत फुंकलं की त्यांना वाटंल, आप्पा खुश झाला. माघारी बोलवायचं शिंगच न्हाई आपल्यात. कवा लागलंच न्हाई!” ते कपाळावर हात मारून घ्यायला लागले. “पळ, रुद्राणी. पळत जा, सांग त्यांना.”

तिनं पठार नजरेनं मोजलं. कमरेएवढ्या गवतातून लुगडं नेसून पळत जायचं म्हणजे ढग तिच्या आधी पोचणार. ओरडून उपयोग नाही. पदर हलवला तर वाटंल, सून आनंदानं नाचतीय. लांबून बघून, एक शब्दही न ऐकता, माणूस हातातलं टाकून पळत सुटेल असं काय आहे या डोंगरात?

आणि तिला कड्याखालची पोळी आठवली.

हे डोंगरातल्या तान्ह्या पोरालाही कळतं. आग्या मोहोळ उठलं की माणूस घोंगडी डोक्यावर घेतो, हात झाडत गोल गोल पळतो, भुईवर पडतो, परत उठतो. तसं कुणी लांबून दिसलं की बाकीच्यांनी विचारायचं नाही, बघायचं नाही, कपार गाठायची. रुद्राणीनं हे सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं. तिनं आप्पांच्या खांद्यावरची घोंगडी ओढली, डोक्यावर घेतली, आणि बुरुजावर वेड्यासारखी पळायला लागली. हात झाडले. भुईवर लोळली. उठली, परत लोळली.

“काय करतीस गं? काय झालं?” आप्पा हवेत हात चाचपत विचारत होते. तिला उत्तर द्यायला दम नव्हता.

घोंगडीच्या फटीतून तिला दिसलं. एक बाई ताठ झाली. तिनं बुरुजाकडं हात केला. मग सगळी रांगच हलली. विळे तिथंच पडले, लेकरं उचलली, आणि माणसं आली तशी मागं, कपारीकडं पळत सुटली. पळा रे, पळा! रुद्राणीच्या डोळ्यात पाणी आलं.

सगळे पळाले. एक सोडून.

एक पांढरी टोपी उलट्या दिशेनं, बुरुजाकडं येत होती. राजेश्वर! त्याचा बाप आणि बायको मोहळाखाली सापडली होती, तो कपारीकडं कसा जाईल? हातात विळा तसाच धरून, गवत तुडवत, तो सरळ पठाराच्या मधोमध, हिवराच्या झाडाकडं येत होता. हिवर ओलांडला की टेहळा जवळ.

ढगानं ऊन गिळलं. पठार एकदम काळवंडलं.

आता मला सांगा, काय करावं तिनं? घोंगडी टाकून, हात वर करून ‘काही नाही, माघारी जा’ असं दाखवलं तर राजेश्वर थांबला असता. पण कपारीच्या तोंडाशी पोचलेलं गाव वळून बघत होतं. बुरुजावर सून सुखरूप उभी दिसली, की म्हणतील, मोहोळ बसलं, चला परत, शिंग वाजलंय. आणि विळे उचलायला सगळे परत पठारावर. लेकरांसकट. घोंगडी डोक्यावर ठेवली तर गाव कपारीत राहील, आणि नवरा येत राहील. 

नवरा चांगला होता हो. लग्नात हार घालताना तिचा हात थरथरला, तर हळूच म्हणाला होता, माजाबी थरथरतोय. तेवढ्यावर ती त्याच्यावर जीव टाकून बसली होती.

रुद्राणी थांबली नाही. घोंगडीत तोंड खुपसून ती गोल गोल पळत राहिली, हात झाडत राहिली, आणि मोठमोठ्यानं रडत राहिली. “येऊ नका! अवं, येऊ नका!” पण आवाज पोचत नव्हता, हे तिला माहीत होतं.

“कोण येतंय?” आप्पा ओरडले. “रुद्राणी, कोण येतंय?”

“तुमचा ल्योक येतोय मामा!”

आप्पा मट्‌कन खाली बसले.

पहिला थेंब पडला, एवढा मोठा की दगडावर फुटलेला आवाज आला. मग सगळं आभाळ पांढरं झालं. आवाज नंतर आला नाही, बरोबरच आला. बुरूज हादरला. रुद्राणीच्या कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. तिनं घोंगडी वर केली, तेव्हा हिवराचं झाड उभं चिरलं होतं आणि त्याच्या बुडाशी गवत पेटून पावसात धुमसत होतं. पांढरी टोपी कुठंच नव्हती.

ती पायऱ्या उतरली का पडली, तिला कळलं नाही. गवतात शिरली. बसलेले भोवते पायाखालून फडफडत उठत होते आणि थोडं पलीकडं जाऊन परत बसत होते. हिवराच्या अलीकडं, बुरुजाच्या बाजूला, राजेश्वर पालथा पडला होता. झाड ओलांडून तो पुढं आला होता. तिनं त्याला उलटा केला. डोळे उघडे होते, ते मिटले, परत उघडले. तो विळा धरलेला हात बघत होता. विळा कुठल्या कुठं उडाला होता.

“मव्हळ...” तो मोठ्यानं म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. “तुला चावलं का?”

तिनं त्याचं तोंड छातीशी घट्ट धरलं.

पाऊस ओसरायला लागल्यावर दोघांनी आप्पांना मधे धरून कपारीत आणलं. अख्खं गाव तिथं दाटीवाटीनं उभं होतं, ओलं, घाबरलेलं. लेकरं रडत होती. बाहेर पठारावर टाकलेल्या विळ्यांपाशी आणखी दोनदा वीज पडलेली सगळ्यांनी बघितली होती. राजेश्वरचा डावा कान आता कुठं मोकळा झाला होता, उजव्यानं ऐकू येत नव्हतं, बाकी तो धड होता. आप्पा आत आले आणि गर्दी बाजूला झाली. विजयसिंहरावांनी टोपी काढली. एवढा टीव्हीवाला माणूस, पण आला आणि सरळ पायावर वाकला.

“आप्पा, तुमच्या शिंगाला जागूनच देवानं मव्हळ उठवलं,” ते म्हणाले. “न्हाईतर आज गाव उरलं नसतं. मी उगं तोंड टाकलं. हा मान तुमचाच, तुमच्या पोरा-नातवाचा.”

“व्हय, व्हय,” सगळे म्हणाले. म्हाळू तर रडतच होता. बाया पुढं येऊन आप्पांच्या पायाला हात लावायला लागल्या.

राजेश्वरनं रुद्राणीच्या कानाशी तोंड नेलं. वाटेत तिनं त्याला मोहळाचं खोटं खुणांनी समजावलं होतं; डोळ्यांचं नाही. तो म्हणाला, “आता गप ऱ्हा. माणसं वाचली, मान वाचला. झालं.”

झालं? रुद्राणीला वाटलं, पुढच्या साली परत हेच पाय टेहळ्यावर चढणार. मी माहेरी असेन, बाळंत असेन, आजारी असेन. परत एक आंधळा माणूस उत्तरेकडं तोंड करून बसंल, आणि हीच माणसं कडेवर लेकरं घेऊन येतील, आभाळाकडं न बघता. तिनं लिंगाची आण घेतली होती. सांगायचं नव्हतं. मग तिनं सांगितलं नाही, विचारलं.

तुळजाबाई पुढं आली होती. सत्तरीची, जिचा नवरा त्या हिवराखाली गेला होता ती. काही न बोलता आप्पांच्या अगदी समोर उभी होती.

“मामा,” रुद्राणी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “तुमच्या समोर कोण उभं हाय?”

सून असा प्रश्न सासऱ्याला चारचौघांत विचारते, हेच मुळात कुणाला समजेना. राजेश्वर दचकून तिच्याकडं बघायला लागला. आप्पांची मान वळली, इकडं, तिकडं. ओठ हलले. अंदाजानं काहीही नाव घेता आलं असतं त्यांना. रुद्राणी मनात म्हणत होती, घेऊ नका मामा, पाया पडते, अंदाजानं घेऊ नका.

आप्पांनी हात पुढं केला. बोटं तुळजाबाईच्या खांद्याला लागली, मग गालाला, मग कपाळाला. कोऱ्या कपाळावर येऊन ती थांबली.

“तुळजा,” ते म्हणाले. “हात लावल्याबिगर कळत न्हाई गं आता.”

मागं कुणाच्या तरी तोंडून ‘अगं बाई’ निघालं. तुळजाबाईनं त्यांचा हात झिडकारला नाही. तो तसाच गालावर धरून तिनं विचारलं, “मंग आज?”

“आज सुनेनं बघितलं. मव्हळ उठलंच न्हाई. ते सोंग बी तिचंच.”

“आणि मागल्या साली?” तुळजाबाई म्हणाली. “गंगासागर गेल्यावर मागल्या साली तर तुमी एकलेच बसलते वर. तवा कुणी बघितलं?”

आप्पा म्हणाले, “कुणीच न्हाई. वारं कोरडं लागलं अंगाला. फुंकलं.”

“आमी नातवंडं घेऊन गेलतो,” तुळजाबाई म्हणाली.

एकेका बाईनं आपापलं लेकरू जवळ ओढलं. जे हात मघाशी पायाला लागत होते ते मागं गेले. विजयसिंहराव टोपी हातातच घेऊन उभे राहिले, ती घालावी का नाही ते त्यांना समजेना. आप्पा कुणाकडं तोंड करावं ते न कळून तसेच उभे होते, आणि भोवतीची माणसं नकळत हळूहळू मागं सरकत होती. रुद्राणी पुढं गेली. तिनं त्यांचं मनगट धरलं.

“चला मामा,” ती म्हणाली. “पायरी हाय पुढं.”